मल्हारचा रिकामा डबा

अंबूबाईच्या भाकरीला नाव ठेवायची एचएसआर लेआउटात कुणाची टाप नव्हती. निपाणीची ही बाई लग्न होऊन बंगळूरला आली, नवरा पिराजी लवकर गेला, आणि परातीत पीठ मळून मळून तिनं एकुलता एक मल्हार इंजिनियर केला. आसपासच्या फ्लॅटांत राहणारी पुण्या-नागपूरची पोरं तिचा डबा खायची. सकाळी भरलेला डबा जायचा, कालचा रिकामा परत यायचा.

आणि परत आलेला डबा अंबूबाई वाचायची! भेंडी उरली की म्हणायची, "आईनं लाडावून ठेवलंय." भात उरला की, "लागली जिमची हवा." दोन्ही भाकऱ्या तशाच आल्या की मात्र सरळ फोन लावायची, "काय गं, भांडलीस व्हय कुणासंगं?" तिकडून हुंदका यायचा. "डबा उघडला की माणूस कळतं," असं ती चारचौघांत छाती ठोकून सांगायची. खोटं कशाला बोलू, बाईला थोडा तोराही होता त्याचा. मल्हारचा डबा तर हेब्बाळच्या ऑफिसातून रोज संध्याकाळी चाटूनपुसून यायचा. कण म्हणून नाही. पोराला काही दुःख नाही याची तिला त्याहून मोठी खूण नको होती.

त्या मल्हारनं जीव दिला.

असंच सांगायला हवं, कारण घडलं ते हेच. पण घरात कुणी ते म्हटलं नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यातच तिच्या दिरानं, वासुदेवनं, तिला बाजूला घेतलं. "वहिनी, हार्ट अटॅक आला. ऐकलं न्हवं? कुणी बी विचारू दे, हार्ट अटॅक." वासुदेव काही वाईट माणूस नव्हता. भावकीला तोंड त्यालाच द्यायचं होतं. अंबूबाई "सरी" म्हणाली, कन्नडमधलं "बरं". त्या घडीला तिला कुणी मल्हार लंडनला गेला म्हणून सांगितलं असतं तरी ती "सरी"च म्हणाली असती.

त्यांच्याकडची रीत अशी, की मयताच्या घरी चूल पेटत नाही. भावकी जेवण घेऊन येते आणि घरच्यांना पहिला घास आपल्या हातानं भरवते. त्याला म्हणायचं कडू घास. तो गिळला की माणूस गेलं हे मान्य केलं. अंबूबाईला जावेनं घास भरवला, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "बाहेरचं खाणं हो, दुसरं काय! कोवळं काळीज बंद पडणार न्हाई तर काय?" अंबूबाईनं घास थुंकला. "माझ्या हातची भाकरी खात होता त्यो! रोज! डबा चाटूनपुसून!" तो घास तसाच राहिला.

पुढं तिनं डबे पुन्हा सुरू केले, करणार काय? भाकरी थापायची, पण स्वतः तोंडात घातली की घास नुसता फिरायचा. चहा आणि शेजारचा भात, एवढ्यावर ती उभी होती. आणि डोक्यात एकच गोष्ट. गेला त्या सकाळी बूट घालताना मल्हार म्हणाला होता, "आई, उद्या शेंगाचटणी जास्त घाल." ज्याला उद्याची चटणी हवी, तो आज जीव कसा देईल? तूच सांग बाबा देवा, कसा देईल? कधीकधी तिला वाटायचं, हार्ट अटॅकच असंल. वासुदेवभाऊजी म्हणतात तेच खरं असंल.

मग एका दुपारी मंजुनाथ आला. हेब्बाळच्या त्या ऑफिसच्या गेटवरचा वॉचमन. त्यालाही हार्ट अटॅकचीच बातमी मिळालेली. केळी घेऊन आला होता, उंबऱ्यात अंग चोरून बसला आणि कन्नडमध्ये म्हणाला, "अम्मा, तुमच्या हातचं मी खूप खाल्लंय."

"तू?"

"मल्हार सर रोज द्यायचे की. मला भूक न्हाई म्हणायचे. डबा भरलेला गेला तर आई विचारंल, तू खा. पावसाळ्यापासून रोज. मला चटणी आवडती असं मी म्हणाल्यावर तुमाला जास्त घालाय सांगतो म्हणाले." त्याचे डोळे भरले. "उपाशी राहून काळजाला लागलं का हो, अम्मा? मी त्यांच्या वाटणीचं खाल्लं."

अंबूबाईनं दार लावून घेतलं. त्याच्या तोंडावर. आत जाऊन भिंतीला टेकली. पावसाळ्यापासून! सगळ्या गावाचे डबे वाचणाऱ्या बाईला घरचा डबा वाचता आला नाही. आणि चटणी? तीही त्याला नको होती. दुसऱ्याला हवी होती.

त्या दिवसापासून तिला रिकाम्या डब्याची धास्ती बसली. भाजी उरलेली दिसली की जीव भांड्यात पडायचा. पण नागपूरच्या श्वेताचा डबा रोज रिकामा यायचा, वर घासूनपुसून लख्ख. एके सकाळी तो हातात घेतला आणि अंबूबाईला राहवलं नाही. तव्याखालचा गॅस बंद केला आणि तिचा आजचा भरलेला डबा घेऊन स्वतःच निघाली.

श्वेतानं दार उघडलं. "काकू? तुम्ही स्वतः?"

"डबा कुणाला देतीस?"

"म्हणजे? मीच खाते ना."

"खोटं बोलू नकोस गं! माझा मल्हार बी असाच रिकामा डबा आणायचा. कुणाला तरी खायला घालून. हार्ट अटॅक न्हवता त्यो. जीव दिला त्यानं. माझ्या पोरानं जीव दिला, आणि मला कळलं न्हाई!"

जिन्यात आवाज घुमला. अंबूबाईनं पदर तोंडावर घेतला, पण शब्द आता बाहेर पडला होता. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं आणि मिटलं.

श्वेता पांढरीफटक पडली. म्हणाली, "काकू, मी खरंच खाते. खरकटा डबा परत देऊ नये, असं आई सांगते, म्हणून घासते फक्त." मग तिनं अंबूबाईला हाताला धरून आत बसवलं, आजचा डबा उघडला. "बघा, तुमच्यासमोर खाते." भाकरीचा तुकडा मोडून चटणीला लावला, पण तोंडात घालताना तिची नजर अंबूबाईच्या खपाटीला गेलेल्या गालांवर गेली. हात वळला. "तुम्ही कधी जेवलात, काकू? घ्या."

त्या पोरीला रीत काय माहीत! पण अंबूबाईला माहीत होती. तिनं तोंड उघडलं. चटणीचा ठसका लागला, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि बाई अशी हंबरली की दिवसभर साठलेलं नव्हे, महिन्यांचं बाहेर आलं. श्वेता पाठीवरून हात फिरवत राहिली. घास मात्र खाली उतरला.

निघताना अंबूबाईनं दोघींनी मिळून रिकामा केलेला डबा काखेत मारला. "तू फोनवरनं सामान मागवतीस न्हवं, त्या गाडीवरच्या पोरांना विचार," ती म्हणाली, "हेब्बाळला एक डबा पोचवतील का. न्हाईतर मीच जाते बसनं. त्या मंजुनाथला खरं काय ते सांगायचं हाय. त्यानं काय खाल्लं न्हाई माझ्या पोराचं."

जिना उतरता उतरता थांबली, वळून म्हणाली, "चटणी जास्त घालायची हाय उद्या."