पिवळ्या ढोबळीचा नमुना

भाज्या तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती एकोणीस वर्षं होती. सगळे तिला बाई म्हणत. भाजी चिरायची, गोठवून दळायची, लगदा द्रावणात हलवून गाळायचा आणि भाजीवर उरलेलं फवारणीचं औषध मशीनवर मोजायचं, हे तिचं काम. "घरी जाऊनही चिराचिरीच, सुटका नाही," असं ती हसून म्हणायची. भित्री म्हणून तिला कुणी ओळखत नव्हतं.

त्या मंगळवारी पिवळ्या ढोबळी मिरचीची पिशवी आली. नमुन्यावर पिकवणाऱ्याचं नाव नसतं, नुसता क्रमांक. दुपारी पडद्यावर आलेख उमटू लागला आणि एक रेघ वर चढली ती थांबेचना. मर्यादेच्या साठपट.

"मशीन खराब असेल," शेजारचा सहकारी म्हणाला. "नुसतं द्रावण लावून बघा."

लावलं. रेघ सपाट, म्हणजे मशीन ठीक होतं. पुन्हा मिरची लावली, रेघ पुन्हा तिथेच. औषधाचं नाव तिने दोनदा वाचलं. बंदी घातलेलं, थेट नसांवर काम करणारं विष होतं ते.

आणि मग तिला सकाळचा फोन आठवला. तिचा धाकटा भाऊ छत्तीस वर्षांचा होता, तरी घरात टिल्याच. एका हरितगृहात तो फवारणीचं काम करायचा. भावजय म्हणाली होती, "काल तपासणीवाले पिवळी मिरची घेऊन गेले. मालक नुसते भडकलेत. तरी आज यांना परत फवारायला बोलावलंय."

आठवडाभरात पिवळी मिरची ही एवढीच आली होती. भाजीवर साठपट, तर त्या बंद हरितगृहात रोज उभं राहणाऱ्याच्या अंगात किती?

ती बाहेर व्हरांड्यात धावली. भावाने फोन उचलला नाही. तीनदा लावला, मग भावजयीला.

"ताई, ते आत्ताच घरी आलेत. बरं वाटत नाही म्हणून पडलेत."

"घाम आलाय?"

"नखशिखान्त भिजलेत. तोंडातून लाळही येतेय थोडी. ऊन लागलं असेल."

"डोळा उघडून बघ. बाहुली केवढी आहे?"

पावलं वाजली. मग नुसता श्वास ऐकू आला.

"टाचणीच्या टोकाएवढी, ताई. असं का झालंय?"

"हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घाल आणि त्याचे कपडे काढ. साबणाने अंग धू. शेजाऱ्यांना गाडी काढायला सांग."

"अहो, पण साधं ऊन..."

"वाद घालू नकोस गं, माझे आई! तू नीघ. डॉक्टरांना औषधाचं नाव मी सांगते."

तिने फोन ठेवला. अहवालावर सही होईपर्यंत बाहेर ब्र काढायचा नाही, असा तिथला नियम. ती स्वतःच साहेबांसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं.

साहेबांनी नमुन्याचा क्रमांक लिहून घेतला. "नमुना दुसऱ्याच्या ताब्यात द्या. तुम्ही दवाखान्यात जा. बाकीचं उद्या."

चार दिवस टिल्या मशीनवर श्वास घेत होता. ती काचेबाहेर बसून त्याची छाती वर येते का एवढंच बघायची. क्षणभर उशीर झाला की तिचाही श्वास अडकायचा. पाचव्या दिवशी नळी काढली. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बाटलीला लेबलच नव्हतं, ताई. मालक म्हणाले, झाडाचं टॉनिक आहे."

सहकाऱ्याने केलेल्या तपासणीतही आकडा तोच निघाला. हरितगृहाला कुलूप लागलं. बाकीच्या दोन फवारणाऱ्यांना तपासलं, तर त्यांच्याही रक्तात विषाचा परिणाम दिसला. नियम मोडल्याबद्दल तिला लेखी ताकीद मिळाली. ती तिने निमूट घेतली.

भाऊ आता गोदामात काम करतो. शर्टाची बटणं लावताना त्याची बोटं अजून थरथरतात.

भीती मात्र तिच्यातून गेली नाही. पडद्यावर रेघ चढू लागली की ती आधी त्याला फोन लावते.

"मी ठणठणीत आहे गं," तो वैतागतो. "तू आपली वांगी चीर."

ती फोन ठेवते. आणि हे कुणी फवारलं असेल, या विचाराने पुन्हा पडद्याकडे बघते.