पळणं निम्म्यावर

श्रीवर्धनची मुनिबा मस्कतमधल्या बौशरच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. ऑफिसात बसून आखडलेल्या माना आणि पाठी सोडवायच्या, हे तिचं रोजचं काम. अमेरिकन फुटबॉल तिने फक्त टीव्हीवर पाहिलेला. पण तिथल्या एका हौशी संघातले तिघे एकाच महिन्यात मांडीचा स्नायू दुखावून तिच्याकडे आले, तेव्हा तिने तिसऱ्याला विचारलंच, "तुम्ही नक्की करता काय तिथे?" त्या आठवड्यापासून ती त्यांच्या सरावाला जाऊ लागली.

कोच मजीद अमेरिकेत शिकून आलेला ओमानी. दिलदार, पण हट्टी. लागोपाठ दोन सामने हरल्यावर त्याने हंगाम ऐन भरात असताना सरावाच्या शेवटी मैदानाच्या वीस फेऱ्या लावल्या.

मुनिबाची रीत साधी होती. सराव संपला की प्रत्येकाला विचारायचं, आज किती दमलास, दहापैकी आकडा सांग. त्याला सरावाच्या मिनिटांनी गुणलं की अंगावर किती भार पडला ते कळे. तीन आठवडे तो चढतच होता. सोहारच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून, मग दोन-अडीच तास गाडी चालवत येणारा यासिर तर दर वेळी नऊच सांगायचा.

"पाय कसे आहेत? खरं सांग."

"जिना उतरताना कठडा धरतो, आपा," तो हळूच म्हणाला. "पण कोचला नका सांगू. बाहेर बसवतील मला."

तिने त्याचं नाव घेतलं नाही, पण ती तडक मजीदकडे गेली.

"कोच, शुक्रवारच्या सामन्यात ही मुलं अंग ठेचून घेतात. ते सावरायच्या आत मंगळवारच्या सरावात आपण त्यांना पिळून काढतो. दम त्यांनी हंगामाआधीच कमावलाय, आता तो नुसता टिकवायचा. फेऱ्या निम्म्या करा. मंगळवारी धडका नकोत."

"आणि हरलो तर?"

"तर माझं नाव सांगा."

मजीदने टोपी काढून डोकं खाजवलं. "एक आठवडा, डॉक्टर. खलास, तेवढंच."

शुक्रवारी मुनिबाचं लक्ष चेंडूकडे नव्हतंच, पायांकडे होतं. शेवटच्या दहा मिनिटांत यासिर चेंडू घेऊन कडेने सुटला आणि तिघे एकदम त्याच्यावर कोसळले. ती बॅग उचलून उभी राहिली. ढिगाखालून यासिर निघाला, हेल्मेट सारखं करून धावत आपल्या जागी गेला. तिने बॅग परत खाली ठेवली.

सामना दोन गुणांनी हातचा गेला. मुनिबा मजीदसमोर जाऊन उभी राहिली. "माझं नाव सांगा."

"कशाला?" मजीद म्हणाला. "शेवटपर्यंत एकही जण गुडघ्यावर हात टेकून उभा नव्हता. एकालाही बाहेर काढावं लागलं नाही. मंगळवारी किती पळवू, ते सांगा."

"निम्मंच," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं.

गाडीत बसल्यावर तिच्या ध्यानात आलं, सकाळपासून पोटात काही नाही. वाटेत अल् खुवैरला थांबून तिने दोन पराठे आणि चहा मागवला, आणि अगदी सावकाश खाल्लं.