खिशात राहिलेला आर

उपासनेतल्या गीताचं दुसरं कडवं चालू होतं. मी पहिल्या बाकापाशी उभा राहून सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गात होतो. रुमालासाठी खिशात हात घातला, तर बोटांना शिशाचं एक अक्षर लागलं. आर. माझा आवाज तिथंच बसला.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगळुरातल्या एका मिशन हॉस्पिटलात मी एक्स-रे टेक्निशियन होतो, प्रोबेशनवर. सुपरिंटेंडंट डॉक्टर सॅम्युअल रोज उपासनेला काळी वही घेऊन बसत आणि मधूनमधून तीत काहीतरी लिहीत. हजेरी, दुसरं काय! माझी नोकरी पक्की होणं त्या वहीत अडकलंय, अशी खात्री असल्यामुळे मी पहिला बाक सोडत नसे. आम्ही अहमदनगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. पण माझ्याइतका भाविक घरात कुणी झाला नसेल. निदान सकाळी साडेसात ते आठ या वेळात.

त्या दिवशी सव्वासातला वॉर्डातून गंगव्वा आल्या. निपाणीकडच्या आजी, एका फुप्फुसाभोवती पाणी साचलेलं.

"हळू की रे आण्णा, धाप लागतीया."

"आजी, आटपा लवकर. मला देवाकडं जायचंय."

"माज्या आधी?"

मी हसलो नाही. घड्याळ बघत होतो.

एक्स-रेची फिल्म कशीही उलटी धरता येते. म्हणून फोटो काढताना पेशंटच्या उजव्या बाजूला शिशाचा आर चिकटवायचा. तो फिल्मवर पांढरा उमटतो आणि डॉक्टरांना बाजू कळते. डावीसाठी एल असतो, तो मी कायम खिशात ठेवत असे. आता खिशात आर होता. म्हणजे उजव्या बाजूला मी एल चिकटवला होता, आणि फिल्म ओलीच वॉर्डात पाठवून गायला आलो होतो. आठ वाजता वॉर्डातले डॉक्टर किरण पाणी काढायला छातीत नळी घालणार होते. आजींच्या चांगल्या बाजूला.

आठला दहा कमी होते. निघालो तर त्या वहीसमोरून जावं लागणार. लाज वाटते, पण सांगतो: गीत संपेपर्यंत थांबावं, असं क्षणभर मनात आलं. दोनच कडवी उरली होती. मग आजींचं "माज्या आधी?" आठवलं आणि मी पळालो. वाटेत "देवा, त्यांचा हात थांबव" एवढीच प्रार्थना केली. त्या नोकरीतली माझी पहिली खरी प्रार्थना.

डॉक्टर किरणनी ग्लोव्ह्ज चढवले होते. आजींच्या छातीवर आयोडीन लावून झालं होतं.

"डॉक्टर, थांबा! बाजू चुकलीय. माझ्याकडून."

त्यांनी ग्लोव्ह्ज काढून दोन्हीकडे बोटांनी ठोकून पाहिलं, स्टेथोस्कोप लावला. "मला शंका येत होती. पण फिल्म म्हणत होती..."

"फिल्म खोटं बोलली. म्हणजे मी."

दुसरा एक्स-रे काढला. नळी योग्य बाजूला गेली आणि बाटलीत पिवळं पाणी उतरू लागलं. आजींनी एक डोळा उघडला. "आलास व्हय देवाकडनं?"

दारात डॉक्टर सॅम्युअल उभे होते. वहीसकट.

"मधेच उठून गेलास," ते हिंदीत म्हणाले.

मी सगळं सांगितलं. घाईचं कारणसुद्धा, म्हणजे त्यांची वही.

"चूक लिहून दे, आजच. आणि ही हजेरी नव्हे." त्यांनी वही माझ्यापुढे धरली. तोवर मला बसच्या पाट्यांपुरतं कन्नड वाचता येत होतं. पानावर बेडचे नंबर होते आणि पुढे पेशंटची नावं. सगळ्यात वर गंगव्वा. "मला आठवत नाही आताशा. प्रार्थनेत कुणी राहून जायला नको."

मी मान खाली घातली.

"आणि स्वल्प हळू गात जा. तुझ्या आवाजात माझी निम्मी नावं चुकतात."

नोकरी पुढे पक्की झाली. मी शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसू लागलो. पेशंट असेल त्या दिवशी जातच नाही, आणि जातो त्या दिवशी मनापासून जातो. मात्र आधी खिसा तपासतो.