फादरच्या बोडीत आमचे मांगूर

पोरीचं नाव शाळेत घालायच्या दिवशी मी त्या शाळेत आठ मांगूर सोडले. जिवंत!

शाळा मिशनची, इंग्रजी. जपानपासून आफ्रिकेपर्यंतची लेकरं तिथं एका पंगतीत जेवत. प्रार्थनेचं मोठं घर, पुस्तकांनी भरलेली खोली, निजायला लोखंडी पलंग! आमच्या आसगावातून तिथं कोणीच गेलं नव्हतं. इंदूनं जावं, हा माझ्या बायकोचा, सखूचा, ध्यास.

मोठ्या माणसाकडं रिकाम्या हातानं जाणं आमच्याकडं बरं दिसत नाही. म्हणून गावच्या तलावातले मांगूर, मिशावाल्या मासोळ्या, पाण्याच्या डब्यात घेतले. (एसटीत अर्धं पाणी कंडक्टरच्या पायावर!)

शाळेत पोचलो तं मुख्य फादरचं बोलावणं दुपारून. डबा तापला.

"अवो, मासोळ्या मरून राहिल्या नं!" सखू ओरडली.

समोर पाहतो तं निळ्या फरशीचं लहान तळं, बोडीच म्हणा! आमच्या शेतातल्या बोडीत गाळ असते, इथं तळ दिसे.

"येवढं साफ पाणी, अन् एक मासोळी नाही! खाते काय हे लोक?" मी म्हणालो. "फादरची बोडी, फादरच्या मासोळ्या. पोचवून देतो." अन् डबा उलटा केला.

तेवढ्यात शिट्टी वाजली. चड्ड्या घातलेली तीस पोरं धडाधड पाण्यात! मंग जी बोंब उठली! एक पोरगा साप म्हणे, एक मगर म्हणे. पांढऱ्या झग्यात फादर धावत आले. गोरा माणूस, पण मराठी पुस्तकातलं!

"महाशय, आपण जलतरण तलावात मत्स्य सोडलेत काय?"

"काढून देतो जी!" म्हणून मी उडी घेतली. मी बुडालो, धोतर तरंगलं! मांगूर एकही हाती नाही. शेवटी फादरनंच बांबू घालून मले काठाला लावलं.

"झालं! गेली पोरीची शाळा!" सखूनं कपाळावर हात मारला.

पण इंदू कुठं? ती पायऱ्यांवर उतरली होती. मांगूर कोपऱ्यात अडवायचा, काटा चुकवून मानेशी धरायचा, डब्यात टाकायचा. आठही काढले! देशोदेशीची पोरं टाळ्या वाजवत होती.

फादरनं तिथंच कागद काढला. "ही कन्या घाबरत नाही. हिला घेतले. पित्याचे शिक्षण?"

"तिसरी पास!" मी धोतर पिळत छाती काढली.

"नोका लिहू फादर," सखू म्हणाली. "आजचं पाहून याइले पहिलीतही कोणी घेणार नाही!"

फादर पोट धरून हसले. रकाना कोराच राहिला.

सखूला जाऊन वर्ष होईल. घर खायला उठते. मी तिसरी नापास आहो, हे फक्त तिलेच ठाऊक होतं. पण मरेपर्यंत कोणाला बोलली नाही बिचारी. अन् मी अक्कलवान, आज स्वतःच इथं लिहून बसलो!