आबांचा डावा कान

आबांना जाऊन दोन वर्षं झाली. माझे वडील. तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि खेडच्या घरी महिनाभरसुद्धा बसले नाहीत. महाळुंग्याच्या एका कंपनीत मालाच्या गेटवर सिक्युरिटी गार्ड म्हणून उभे राहिले. पुढे मी त्याच कंपनीत डिस्पॅचला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "गेटच्या आत मी तुझा बाप न्हाई. बॅग उघड." मग रोज उघडायला लावली.

त्यांना डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नव्हतं, उजव्यानं अर्धवट. त्यांच्या तुकडीत तोफेजवळ कानात कापूस घालणाऱ्याला बाकीचे हसायचे, म्हणून कोणीच घालत नसे. हे त्यांनी कंपनीत कधी सांगितलं नाही. समोरच्याचे ओठ बघून ते उत्तर द्यायचे, तेही इतकं चोख की नव्या माणसाला शंका येत नसे. मला माहीत होतं. मी गप्प होते, कारण वर्दी उतरवून घरी बसलेले आबा मला डोळ्यांसमोर आणता येत नव्हते.

करोना आला आणि सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले. आबांना ओठ दिसेनात. आधी ते प्रत्येकाला "काय?" विचारायचे. मग विचारणं बंद केलं आणि अंदाजानं मान हलवू लागले. तेही मी बघत होते.

गाडी माल चढवायच्या धक्क्याला लावताना ड्रायव्हर आरशात फक्त आबांकडे बघायचा. तुटक शिट्ट्या म्हणजे येऊ दे, एक लांब शिट्टी म्हणजे थांब. आबा बाजूला उभे असत, त्यामुळे गाडीच्या थेट मागचं त्यांना दिसत नसे. मागचा माणूस ओरडला की ते लांब शिट्टी मारत. सगळा भरवसा त्या ओरडण्यावर.

त्या सकाळी कंटेनर मागे येत होता. धक्क्याखाली लातूरकडचा एक कंत्राटी कामगार खोक्यांवरून सुटून पडलेली पॅकिंगची पट्टी ओढत होता. पट्टीचा वेढा त्याच्या मनगटाला बसला आणि दुसरं टोक धक्क्याच्या लोखंडी कडीत अडकलं.

"थांबवा!"

मी धक्क्यावर कागद घेऊन उभी होते. मला स्पष्ट ऐकू आलं. शिट्टी मात्र तुटकच वाजत राहिली. तो पुन्हा ओरडला. गाडी येतच होती. मी पायऱ्या उतरून गाडीच्या कडेनं पळाले, क्लिपबोर्ड पत्र्यावर आपटत थेट ड्रायव्हरच्या दारापर्यंत. गाडी थांबली तेव्हा त्या कामगाराच्या छातीत आणि गाडीत वीतभर अंतर होतं.

"माझ्या शिट्टीबिगर गाडी कुणी थांबवली?" आबा गरजले.

मॅनेजर धावत आले. आबांनी ताठ उभं राहून रिपोर्ट दिला, "मागच्या माणसानं आवाज दिला न्हाई, साब."

"म्या दोनदा वरडलो की हो!" पट्टी अजून त्याच्या मनगटालाच होती. "आईची आण, दोनदा!"

मॅनेजरनी कंत्राटदाराला लावायला फोन काढला. संध्याकाळपर्यंत त्या माणसाचं गेट बंद झालं असतं.

"सर, त्यानं आवाज दिला होता," मी म्हटलं. "मी ऐकला. आबांना ऐकू येत नाही."

आबा माझ्याकडे वळले. "काय म्हंतीस?"

मॅनेजर, ड्रायव्हर, चार-पाच कामगार, सगळे आमच्याकडे बघत होते. मी आबांच्या समोर गेले, मास्क खाली केला आणि तेच पुन्हा म्हटलं. शेवटचं वाक्यसुद्धा.

त्यांनी ते वाचलं.

"मास्क वर घे. नियम हाय," ते म्हणाले. मग मॅनेजरकडे वळून, "साब, फोन ठेवा. चूक माझी."

"अहो काका, बसून बोलू आपण..."

"काका घरी. रजिस्टर द्या."

घडलं ते त्यांनी चार ओळींत लिहिलं, सही केली, डबा उचलला आणि बसनं घरी गेले. माझ्या स्कूटरवर बसले नाहीत.

अकरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बाराव्या दिवशी मी भाजी निवडत होते, तर समोर येऊन बसले.

"मी लई मोठ्यानं बोलतो का गं?"

"हो."

"मंजी गेटवर समद्यांना ठावं असंल."

"बऱ्याच जणांना, आबा. ते तुमच्या समोर येऊनच बोलायचे."

मला वाटलं, त्यांना जरा बरं वाटेल. त्यांचा चेहरा मात्र रिपोर्ट घेताना व्हायचा तसा झाला.

"आन् तरी मला गाडीजवळ उभं केलं? तू बी?"

"तुमची वर्दी..."

"वर्दीचं सांगू नगंस. त्या माणसाला पोरं किती, ते विचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं. तीन.