हे रक्तात नसतं

कराटेच्या सरांनी माझा उजवा हात मनगटाला धरून वर केला. भाजीवाला गड्डीतला मुळा उचलून दाखवतो तसा. डोंबिवलीतल्या एका मोठ्या सोसायटीचा हॉल. खुर्च्या भरलेल्या. पुढच्या रांगेत कमिटीवाले. माझ्यापुढे दोन विटांवर आडवी रचलेली सहा मंगलोरी कौलं.

सर माईकवर म्हणाले, "बघा हे हात. मुलीचे वाटतात का? आपल्या मुलींना हे जमायला वर्षं लागतील. हिला शिकवावं लागत नाही. यांच्या रक्तातच असतं. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडलेले हात आहेत हे."

लोक हसले. कुत्सित नाही, कौतुकानं हसले. म्हणून जास्त लागलं.

मीही हसले. मग ओरडून मूठ खाली आणली. सहाच्या सहा कौलं फुटली. टाळ्या. मी वाकून सरांच्या पाया पडले.

मागच्या रांगेत आई बसलेली. अंगणवाडीतून घरी जाऊन, साडी बदलून आलेली. परत येताना रिक्षात ती बाहेर बघत बसली. मानपाड्याला उतरल्यावर एवढंच म्हणाली,

"तू हसलीस का गं?"

मी रिक्षावाल्याला पैसे द्यायला वळले.

आमच्या घरात दगड कुणी फोडलेला नाही. फोडला असता तर त्यात लाज कसली? पण नाही फोडला. आजोबा कल्याणच्या छापखान्यात होते. शिशाची बारकी अक्षरं चिमटीत धरून ओळी जुळवायचे. पप्पा कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी सांभाळतात. त्यांच्या हातून घरात साधी बशी फुटत नाही. सरांनी हे कधी विचारलंच नव्हतं. पहिल्या दिवशी आडनाव विचारलेलं. तेवढ्यावर त्यांना सगळं कळलं.

माझे हात कसे झाले ते मी सांगते.

कॅनव्हासची पिशवी. पहिले सहा महिने तिच्यात मूग. त्यावर रोज मूठ, तळवा, हाताची कड. नंतर मूग काढून वाळू. वाळूनंतर बारीक खडी. क्लासच्या गच्चीत एक उभी फळी होती, काथ्याची दोरी गुंडाळलेली. तिच्यावर उजव्यानं दोनशे, डाव्यानं दोनशे. कातडं सोलायचं, खपली धरायची, परत सोलायचं. उघड्या लादीवर मुठी टेकून जोर. सकाळी पेन धरता यायचं नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी उचलायचे. अशी तीन वर्षं. बारावी त्यातच झाली.

आणि सर म्हणाले, शिकवावं लागत नाही.

बाकीच्या मुलींना ते बरोबर शिकवायचे. "हळूहळू घ्या. हाडाला वेळ द्या. एक दिवस मार, एक दिवस आराम. कोमट पाण्यात हात ठेवा, तेल चोळा." मी हे कोपऱ्यात उभी राहून ऐकायचे. मला फक्त, "तू चालू ठेव."

गार्गी माझ्याच वयाची. डोंबिवलीच्या त्या मोठ्या सोसायटीतली. स्वभावानं वाईट नाही. फळीवर चार ठोसे मारून फुंकर घालत म्हणायची, "तुला बरंय यार. तुला लागतच नाही."

मला लागायचं. रोज लागायचं. पण मी तिला तसं सांगितलं नाही. लागत नाही ही एकच गोष्ट तिथं माझी होती. ती सोडली तर मी तिथं कोण?

सोडून का नाही गेले, असं आता लोक विचारतात. कुठं जाणार होते? माझी फी सरांनी माफ केलेली, आणि ते माफ केल्याचं पालकांच्या प्रत्येक मीटिंगमध्ये सांगायचे. मी ब्राऊन बेल्टवर आलेले. ब्लॅक बेल्टच्या फॉर्मवर सही त्यांचीच लागणार. बेल्ट नाही तर राज्याच्या स्पर्धेत नाव नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळे क्लासवाले एकमेकांना ओळखतात. एका सरांकडून निघालेली मुलगी दुसरे सर घेत नाहीत. कौलं फोडायला कार्यक्रमांत मी. जिल्ह्याच्या टीमला नावं गार्गीची आणि तिच्या मैत्रिणींची. विचारलं की म्हणायचे, "तुझं वेगळं आहे. तू आपल्या क्लासची शान आहेस."

शान कार्यक्रमाआधी मैदानात सतरंज्या घालायची. बाकीच्या मुली ग्रीन रूममध्ये वेण्या घालायच्या.

मग हात सुजला. अंगठ्याजवळच्या दोन बोटांच्या हाडांवर मार बसवायचा असतो, पण तीच सुजल्यामुळे माझी मूठ नकळत वाकडी पडायला लागली. मार करंगळीकडे जायला लागला. एका संध्याकाळी फळीवर मारलं आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीसमोर धरून दाखवला. हाडात केसाएवढी चीर. सहा आठवडे हात हलवायचा नाही. त्यांनी कागद लिहून दिला.

सरांनी कागद वाचला. घडी घालून मला परत दिला.

"रविवारी कोपरीला कार्यक्रम आहे. पाहुणे येणारेत. तेवढं कर, मग घे काय ती विश्रांती. तुमच्या हाडांना काही होत नसतं."

मी "हो सर" म्हणाले. खोटं कशाला सांगू? म्हणालेच.

रविवारी सकाळी हॉलवर पोचले तर सर म्हणाले, "ती पट्टी काढ. वाईट दिसते." मी काढली. दातांनी गाठ सोडवली. स्टेजवर गेले. या वेळी दहा कौलं. सरांनी माईक घेतला. तेच सुरू. "बघा हे हात. यांच्या रक्तातच…"

माझा हात ठणकत होता. आणि मला रिक्षातली आई दिसत होती.

मला माईक लागत नाही. माझा आवाज मोठा आहे. तोही इथंच कमावलेला.

"सर, हे रक्तात नसतं. तीन वर्षं मारलंय मी. मूग, वाळू, खडी. तुमच्या डोळ्यांसमोर."

सर हसले. लोकांना म्हणाले, "लाजतेय ती." मग माझ्याकडे वळून, "मार."

"नाही मारणार. हाडाला चीर आहे. डॉक्टरांचा कागद तुम्ही वाचलाय."

कुणीतरी खोकलं. सरांनी माईक खाली घेतला, बंद केला आणि हळू आवाजात बोलले. फक्त मला आणि शेजारी उभ्या गार्गीला ऐकू येईल इतक्या हळू.

"तुमच्या लोकांना वर आणलं की असे डोक्यावर बसता."

मी स्टेजवरून उतरले. पाया पडले नाही. हॉलबाहेर येऊन पायरीवर बसले. विजय वगैरे काही वाटलं नाही. आता सगळं संपलं, एवढंच वाटलं.

आणि संपलंच. क्लासमधून नाव कमी केलं. ग्रुपमधून काढलं. गार्गीला फोन केला. सर जे बोलले ते तू सांगशील का, विचारलं. ती म्हणाली, "मी काही ऐकलं नाही गं. प्लीज मला यात नको घेऊस."

मी जिल्ह्याच्या कराटे संघटनेकडे लेखी तक्रार केली. दोन महिने काही नाही. परवा त्यांचा फोन आला. शनिवारी ये, सरही येतील, समोरासमोर गैरसमज मिटवू. तू माफी माग, पुढच्याच महिन्यात तुझी ब्लॅक बेल्टची परीक्षा घेऊ.

पप्पा म्हणाले, "मागून टाक. दोन शब्द तर आहेत. पुढचं आयुष्य पडलंय."

त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही. त्यांनी असे दोन शब्द किती वेळा म्हटले असतील, ते मी त्यांना विचारलं नाही.

हाड जुळलंय. पण उजव्या मुठीतलं एक हाड आता बसकं आहे, मूठ पूर्वीसारखी घट्ट मिटत नाही. माफी मागितल्याशिवाय बेल्ट मिळणार नाही हेही मला माहीत आहे.

शनिवारी मी जाणार आहे. माफी मागायला नाही. सर माईक बंद करून जे बोलले ते मी त्यांच्यासमोर, सगळ्यांसमोर, शब्दाला शब्द म्हणणार आहे. तुझ्याकडे साक्षीदार नाही, असं ते म्हणतील. नसू दे. माझं म्हणणं कागदावर घ्या म्हणणार. आणि घेतल्याशिवाय त्या खुर्चीवरून उठणार नाही.