कॅन्टीनचे तीन ब्रेकर

त्या वर्षी मी सतत थकलेला असायचो. के. आर. पुरमहून दोन बस बदलून बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात पोचायचं, तर दिवसभर कुठे ना कुठे वीज गेलेली असायचीच. देखभालीला आम्ही तिघं होतो. एकानं नोकरी सोडली, त्याच्या जागी कुणी आलंच नाही.

कॅन्टीनचं स्वयंपाकघर परदेशी भागीदारांच्या नियमाप्रमाणे बांधलेलं होतं. तळणाच्या तिन्ही कढया विजेच्या. आग लागली की वरून रसायनाचा फवारा उडायचा आणि त्याच क्षणी तिन्ही शंट ट्रिप ब्रेकर आपोआप पडून कढयांची वीज तोडायचे. फवाऱ्यानं जाळ विझतो. पण कढई खालून तापतच राहिली तर तेल पुन्हा पेटतं. हे सगळं मला पाठ होतं.

पावसाळ्यात, फवारा उडाला की ब्रेकरना इशारा देणाऱ्या स्विचमध्ये ओल धरली आणि आग नसतानाच ब्रेकर पडायला लागले. मुख्य आचारी माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. आमचं बोलणं कन्नडमध्ये चालायचं.

"सर, स्वल्प, थोडं काहीतरी करा," एके दिवशी ते म्हणाले. "माणसं ताटं घेऊन उभी आहेत."

"स्विच बदलायला हवा, अण्णा."

"बदला की. पण आजचं जेवण तर होऊ दे."

त्या स्विचकडून ब्रेकरकडे जाणारी इशाऱ्याची वायर मी सोडवली आणि टोकाला टेप गुंडाळली. "दोन दिवसांत नवा स्विच बसवतो," मी म्हणालो.

"सरी, ठीक आहे," म्हणून ते कढईकडे वळले.

स्विच मागवला, तो आला नाही. दोन दिवसांचे तीन महिने झाले. कॅन्टीनवरून जाताना आठवण व्हायची, आणि मी उद्यावर ढकलायचो.

एका दुपारी वडे तळताना तेल पेटलं. भोंगा ऐकून मी धावलो. फवारा उडून गेला होता, सगळीकडे पांढरा फेस. संपलं असं वाटलं, तेवढ्यात मागच्या कढईतून पुन्हा जाळ उठला. मुख्य स्विच त्या कढईमागच्या भिंतीवर होता. मी दारातच थिजलो. अण्णांनी हाताला ओलं गोणपाट गुंडाळलं, जाळाच्या बाजूनं हात घातला आणि खटका खाली ओढला. कोपरापासून बोटांपर्यंत उजवा हात भाजला.

"वीज का तुटली नाही?" मॅनेजरनी विचारलं.

"ब्रेकर पाडणारी कॉइल जळली असेल. तपासतो," मी म्हणालो.

तपासलं, तर दोन ब्रेकरच्या कॉइल खरोखरच जळलेल्या निघाल्या. ओल्या स्विचमधून वीज येत राहिल्यामुळे मी वायर काढायच्या आधीच गेल्या असणार. माझं खोटं अर्धं खरं ठरलं, आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. अण्णा म्हणाले, "मी कुणाला काही बोललो नाही. मीच सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"तुम्ही जेवणाचं सांगितलंत. वायर मी काढली."

त्यांनी डोळे मिटले. "दमलात तुम्ही. घरी जा."

आता मात्र स्विच चार दिवसांत आला, ब्रेकरही आले. रविवारी कॅन्टीन बंद असताना तिन्ही ब्रेकर बदलले. तिसऱ्याची कॉइल चालू होती, पण माझा तिच्यावर विश्वास उरला नव्हता. स्क्रू तेलानं बुळबुळीत झालेले, पेचकस सारखा निसटत होता. वायर जोडली, नवा स्विच वाफेपासून दूर, झाकणाच्या डबीत बसवला. फवारा बंद ठेवून चाचणीचं बटण दाबलं. तिन्ही ब्रेकर एकदम पडले. पुन्हा चढवले, पुन्हा दाबलं. किती वेळा, मोजलं नाही.

सोमवारी अहवालात लिहिलं : वायर मी काढली होती.

मॅनेजरनी वाचून कागद खाली ठेवला. "हे लिहायलाच हवं होतं का?"

"हो."

ताकीद मिळाली, बढती पुढे गेली. हलकं वगैरे काही वाटलं नाही. घरी जाताना बसमध्ये झोप लागली आणि थेट शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं उठवलं.

अण्णा दोन महिन्यांनी परतले. दोन बोटं वळत नव्हती, म्हणून त्यांना कोठीवर बसवलं. तांदूळ-डाळीचा हिशेब ते डाव्या हातानं लिहायला शिकले. माझ्याशी पूर्वीसारखंच बोलायचे. माझी नजर मात्र आधी त्यांच्या हाताकडे जायची. ते त्यांच्या लक्षात यायचं, आणि बोलता बोलता ते तो हात खांद्यावरच्या पंच्याखाली घ्यायचे.